क्लोनला झेरॉक्स म्हणू नका, आणि बंदी घालायची तर खऱ्या कारणासाठी घाला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ह्यूमन क्लोनिंगवर, म्हणजे एका माणसाच्या पेशीपासून त्याच्याच जनुकांचं दुसरं मूल जन्माला घालण्यावर, लेख आला आणि त्यानंतर दोन आठवडे वाचकांची पत्रं येतायत, ती सगळी मी वाचली, काही दोनदा वाचली, आणि आता गप्प बसवत नाही म्हणून लिहायला घेतलंय. पत्र लांबलंय. कापायचं असेल तर कुठेही कापा, पण मधला माझ्या बहिणीचा भाग तेवढा ठेवा, कारण बाकीचं सगळं मी त्याच्यासाठीच लिहितेय.

मी आयडेंटिकल ट्विन आहे, म्हणजे "आहे" म्हणायचं की "होते" हे मला इतक्या वर्षांनी पण ठरवता आलेलं नाही. माझी बहीण आणि मी एकाच फलित स्त्रीबीजातून झालो. दर हजार बाळंतपणांत साधारण ३ ते ४ वेळा असं होतं, सगळ्या जगात, सगळ्या वंशांत जवळपास सारखंच, त्यामुळे दोन माणसांची जनुकं एकच असणं ही काही लॅबमध्ये शोधलेली गोष्ट नाही, ती माणसाइतकीच जुनी आहे. तर आम्ही दोघी एका घरात वाढलो, एका ताटात जेवलो, आणि अकराव्या वर्षी तिला टाइप वन डायबेटिस झाला. मला झाला नाही, आजपर्यंत नाही. जनुकं तीच, घर तेच, आई-वडील तेच, तरी तिचं स्वादुपिंड इन्सुलिन करायचं थांबलं आणि माझं चालू राहिलं. ती २३ व्या वर्षी गेली.

आता लेखाचं हेडिंग बघा, "माणसाची झेरॉक्स". पहिला घोळ इथेच झालाय. झेरॉक्समध्ये कागदावरचा डाग पण उतरतो, क्लोनमध्ये तसं होत नाही. २००१ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत टेक्सासच्या युनिव्हर्सिटीत जगातली पहिली क्लोन मांजर जन्मली, सीसी नावाची. जिच्यापासून केली ती मांजर तीन रंगांची होती आणि सीसीच्या अंगावर तो नारिंगी रंग आलाच नाही. कारण मांजरीच्या रंगाचं एक जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, मादीला दोन एक्स असतात आणि प्रत्येक पेशीत त्यातला एक बंद पडतो, कुठला बंद पडणार हे गर्भात योगायोगाने ठरतं. डीएनए तोच असून कातडी वेगळी. शिवाय सगळा डीएनए केंद्रकात नसतोच, ३७ जनुकं मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागांत, असतात आणि ती जिचं स्त्रीबीज वापरलं तिची येतात. वर गर्भाशय वेगळं, काळ वेगळा, वाढवणारी माणसं वेगळी. म्हणजे क्लोन केलेलं मूल आणि मूळ माणूस हे दोघं माझ्या नि माझ्या बहिणीपेक्षाही कमी सारखे असणार. आणि आम्ही दोघी किती सारख्या होतो ते मी वर सांगितलंच.

हे होतं कसं ते पण थोडं सांगते, कारण पत्रांमध्ये लोक "पेशी वाढवून माणूस बनवतात" असं काहीतरी लिहितायत. एका बाईचं स्त्रीबीज घ्यायचं, त्यातलं केंद्रक काढून टाकायचं, दुसऱ्या कुणाच्या तरी शरीरातल्या साध्या पेशीचं केंद्रक त्यात घालायचं आणि विजेचा हलका झटका देऊन विभाजन सुरू करायचं. जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक घेऊन हे करून दाखवलं होतं. बेडकात जमलं म्हणून सस्तन प्राण्यात जमेल असं मात्र बहुतेकांना वाटत नव्हतं, आणि मग ५ जुलै १९९६ ला स्कॉटलंडमध्ये एडिंबराजवळ रोझलिन इन्स्टिट्यूटमध्ये डॉली जन्मली. सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतली पेशी होती. इयान विल्मुट आणि कीथ कॅम्पबेल यांच्या टीमने हे फेब्रुवारी १९९७ मध्ये जाहीर केलं आणि जगभर एकच गदारोळ उठला.

डॉलीचा आकडा सगळ्यांनी पाठ करण्यासारखा आहे. २७७ वेळा केंद्रक घातलं, त्यातून मेंढ्यांच्या पोटात ठेवण्याजोगी २९ भ्रूणं मिळाली, ती १३ मेंढ्यांमध्ये ठेवली, आणि एक कोकरू झालं. एक.

असं का होतं त्याचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असतात पण त्यांच्यावर केमिकल खुणा असतात, हे वाच, हे बंद ठेव, अशा. त्या खुणांमुळेच कासेची पेशी कासेची राहते आणि मेंदूची मेंदूची. क्लोनिंगमध्ये त्या पेशीला आपण कोण होतो ते विसरायला लावायचं असतं आणि तेही काही तासांत. शुक्रजंतू आणि स्त्रीबीज तयार होताना निसर्ग हे काम कितीतरी सावकाश करतो, इथे घाई असते आणि मग काही खुणा पुसायच्या राहतात, काही नको त्या पुसल्या जातात. त्यातून वार (प्लासेंटा) नीट होत नाही, पिल्लू पोटात अवाढव्य वाढतं, फुफ्फुसं किंवा हृदय नीट नसतं, काही जन्मल्यावर काही दिवसांत मरतात. डॉली साडेसहा वर्षं जगली, तिला फुफ्फुसाचा ट्यूमर झाला म्हणून १४ फेब्रुवारी २००३ ला तिला मरण द्यावं लागलं. एका पत्रलेखकाने ती "क्लोन असल्यामुळे लवकर म्हातारी झाली" असं लिहिलंय तर ते बरोबर नाही, तो ट्यूमर मेंढ्यांमध्ये होणाऱ्या एका व्हायरसमुळे झाला होता. डॉली ज्या मेंढीच्या पेशींपासून झाली त्याच पेशींपासून नंतर केलेल्या चार मेंढ्या नॉटिंगहॅममध्ये होत्या आणि २०१६ मध्ये तपासल्या तेव्हा त्या वयाच्या मानाने ठणठणीत होत्या. म्हणजे जे जगतात ते बरे जगू शकतात. पण जे जगत नाहीत त्यांचं काय, ते कुणी मोजत नाही.

आता माकडांकडे या, कारण माकड आपल्याला जवळचं. माकडात हे वर्षानुवर्षं जमत नव्हतं, एक कारण असं सांगितलं जायचं की वानरवर्गात केंद्रक ओढून काढताना पेशीच्या विभाजनाला लागणारी काही प्रथिनंही त्याच्याबरोबर निघून जातात. शेवटी २०१८ च्या जानेवारीत चीनमध्ये शांघायच्या शास्त्रज्ञांनी झोंग झोंग आणि हुआ हुआ अशी दोन पिल्लं जाहीर केली. गर्भाच्या पेशी वापरल्या होत्या, ७९ भ्रूणं, २१ माद्या, ६ गर्भधारणा, २ पिल्लं. आणि त्याच प्रयोगाचा दुसरा अर्धा भाग बातम्यांमध्ये बहुतेक ठिकाणी आलाच नाही. मोठ्या माकडाच्या पेशी वापरून १८१ भ्रूणं ४२ माद्यांमध्ये ठेवली, २२ गर्भधारणा झाल्या, दोन पिल्लं जन्मली आणि दोन्ही लगेच गेली.

आता कुणी "माझी क्लोन करा" म्हणेल तर ती मोठ्या माणसाच्या पेशीपासूनच करायची ना? मग त्या ४२ माद्यांच्या जागी ४२ बायका धरा. गर्भ राहिलेल्या २२ बायका. आणि शेवटी दोन बाळं, तीही हातात राहिली नाहीत. आत्मा, देव, सरकार या सगळ्याच्या आधी मला हे दिसतं. आजच्या घडीला माणसाचं क्लोनिंग करून मूल जन्माला घालणं चुकीचं आहे आणि त्यासाठी एवढं एक कारण पुरेसं आहे. हे तंत्र सुधारत जाणार हे पण मला माहितीये, २०२४ मध्ये त्याच देशातल्या शास्त्रज्ञांनी वार होणाऱ्या पेशी बदलून एक ऱ्हीसस माकड मोठं करून दाखवलं. पण सुधारणार म्हणजे मधल्या सगळ्या प्रयोगांतून कुणीतरी जाणार. ते कोण जाणार हे आधी सांगा.

बायकांचा विषय निघालाच आहे तर एक बोलते, कारण आपल्या लेखात आणि एकाही पत्रात स्त्रीबीज कुठून येतं याच्यावर एक ओळ नाही. जसं काही ते दुकानात मिळतं. स्त्रीबीज काढायचं म्हणजे रोज हार्मोनची इंजेक्शनं, सोनोग्राफ्या, मग सुई घालून बीजं काढणं, आणि काही बायकांना त्यात अंडाशय सुजून पोटात पाणी साठतं, क्वचित जिवावर बेततं. दक्षिण कोरियाचं प्रकरण आठवा. ह्वांग वू-सुक यांनी २००४ आणि २००५ मध्ये जाहीर केलं की आम्ही माणसाची क्लोन भ्रूणं करून त्यातून स्टेम सेल, म्हणजे शरीरातली कुठलीही पेशी होऊ शकणाऱ्या मूळ पेशी, काढल्या, पेशंटच्या स्वतःच्या जनुकांच्या ११ स्टेम सेल लाइन (लॅबमध्ये वाढत राहणारे पेशींचे संच) झाल्या म्हणे. ते देशाचे हिरो झाले. आणि मग सगळं खोटं निघालं, जानेवारी २००६ मध्ये दोन्ही पेपर मागे घेतले गेले, पुढे २००९ मध्ये कोर्टात शिक्षाही झाली. लोकांना घोटाळा लक्षात राहिला. मला त्यातलं हे लक्षात राहिलंय की शंभराहून जास्त बायकांची दोन हजारांहून जास्त स्त्रीबीजं त्यात वापरली गेली, काहींना पैसे दिले होते आणि काही त्यांच्याच लॅबमधल्या ज्युनियर मुली होत्या. बॉसच्या प्रयोगासाठी स्वतःची स्त्रीबीजं देणारी ज्युनियर मुलगी "नाही" कशी म्हणणार? आणि त्या दोन हजार बीजांमधून एकही खरी लाइन निघाली नाही.

आता माझ्या बहिणीबद्दल.

ती मेडिकलला होती, मी गणितात. ती डावखुरी, मी उजवी. ती बोलकी होती, कुणाच्याही घरात शिरून दहा मिनिटांत त्यांची होऊन जायची, मला ते कधी जमलं नाही. ती गेल्यावर पहिले काही महिने आई माझ्याकडे बघायचीच नाही. आणि मग एक दिवस बघायला लागली, आणि ते जास्त अवघड होतं. मला तिच्या नावाने हाक मारायची आणि चूक लक्षात आली तरी दुरुस्त करायची नाही. मी हसले की डोळ्यात पाणी यायचं. तिचं घड्याळ मला घालायला लावलं, आणि मी ते डाव्या हातात घातलं तर म्हणाली उजव्या हातात घाल, कारण ती डावखुरी म्हणून उजव्या हातात घालायची. नातेवाईक यायचे ते मला सांगायचे, तिचं राहिलेलं आता तू पूर्ण कर. एका जवळच्या माणसाने तर मला गणित सोडून पुन्हा मेडिकलची तयारी कर असं सुचवलं, डोकं तर तेच आहे ना म्हणून. आईला मी दोष देत नाही, तिच्या डोळ्यांसमोर तिच्या गेलेल्या मुलीचा चेहरा रोज वाढत होता, हसत होता, जेवत होता, कुठल्या आईला ते झेपेल. पण त्या घरात मी तीन-चार वर्षं माझी नव्हते. मला भाजीसुद्धा तिच्या आवडीची वाढली जायची आणि मी ती खायचे.

तरी मी तेव्हा मोठी होते. मला माझी २३ वर्षं होती, माझे मित्रमैत्रिणी, माझा विषय, माझा हट्ट. मला सांगता आलं की मी ती नाही, आणि आईनेही शेवटी ते ऐकलं. जे मूल क्लोन म्हणून जन्मालाच घालतील त्याला हे कुठून सांगता येणार? त्याचा पहिला बाळंतविडा बांधायच्या आधीपासून ते कुणाच्या तरी जागी आलेलं असेल. गेलेलं मूल परत हवं म्हणून क्लोनिंग करावं, त्यात काय वाईट आहे, असं एका वाचकाने कळवळून लिहिलंय, आणि त्यांचं दुःख खरं आहे हे मला ओळीओळीतून कळलं. त्यांना मला एवढंच सांगायचंय की ते मूल परत येणार नाही. दुसरं एक मूल येईल, त्याच चेहऱ्याचं, आणि तुम्ही त्याच्याकडे बघाल तेव्हा ते तुमच्या डोळ्यात दुसऱ्याला शोधताना तुम्हाला पकडेल. लहान मुलांना हे फार लवकर कळतं.

हान्स योनास नावाच्या तत्त्वज्ञाने डॉलीच्या २० वर्षं आधी हा मुद्दा मांडला होता. जुळी मुलं एकाच वेळी सुरुवात करतात, कुणी कुणाच्या पुढे नसतं, दोघांनाही आपण काय होणार ते माहीत नसतं. क्लोनचं तसं नाही, त्याच्या पुढे एक आयुष्य आधीच जगून झालेलं असतं आणि त्याला आणि त्याच्या आजूबाजूच्यांना वाटत राहतं की याचं पुढे काय होणार ते आपल्याला माहितीये. खरं तर माहीत नसतं, माझ्या बहिणीच्या आजारावरून माझं काही कुणाला सांगता आलं नसतं. पण वाटत राहतं आणि तेवढं वाटणंच त्या मुलाला पुरून उरतं. स्वतःबद्दल काही माहीत नसणं हा सुद्धा माणसाचा हक्क आहे असं योनास म्हणत होते, आणि मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवून बराच वेळ बसून राहिले.

हुकूमशहांच्या क्लोन सैन्याबद्दल दोन पत्रं आहेत, त्यावर फार लिहीत नाही. क्लोन म्हणजे बाळच असतं, त्याला नऊ महिने पोटात वाढवावं लागतं, मग वीस वर्षं वाढवावं लागतं, आणि ते आज्ञा पाळेलच असं कुठलंही जनुक नाही. ज्यांना सैन्य हवं असतं त्यांनी आजवर साध्या पद्धतीने जन्मलेल्या मुलांनाच बंदुका दिल्यात.

धर्माबद्दल लिहिताना मी जपून लिहितेय कारण मी देव मानते आणि मला कुणाची श्रद्धा दुखवायची नाही. पण "सगळे धर्म क्लोनिंगच्या विरोधात आहेत" हे जे लेखात एका वाक्यात उरकलंय तसं ते नाही. कॅथलिक चर्चचं म्हणणं स्पष्ट आहे आणि डॉलीच्या आधीपासून आहे, १९८७ मध्येच व्हॅटिकनने असल्या प्रयत्नांना अनैतिक ठरवलं होतं. त्यांच्या मते गर्भधारणेच्या क्षणापासून ते जीवन माणूस म्हणून जपायचं, म्हणून मूल जन्माला घालायचं क्लोनिंगही नाही आणि भ्रूण मोडून स्टेम सेल काढणंही नाही. इस्लामी फिक्ह अकादमीने, म्हणजे मुस्लिम देशांतल्या धर्मशास्त्राच्या विद्वानांच्या संस्थेने, १९९७ मध्ये माणसाच्या क्लोनिंगला मनाई केली, तिथे वंश कुणाचा, बाप कोण, वारसा कुणाकडे, हा प्रश्न फार मोठा आहे. पण गर्भात रूह (आत्मा) येते ती १२० दिवसांनी असं बरेच मुस्लिम विद्वान मानतात, त्यामुळे काही दिवसांच्या भ्रूणावरच्या संशोधनाला तिथे जागा आहे. ज्यू परंपरेत तर पहिल्या ४० दिवसांतला गर्भ पाण्यासारखा मानलाय आणि रोग्याला बरं करणं हे कर्तव्य, म्हणून स्टेम सेल संशोधनाला इस्रायलमध्ये धार्मिक विरोध फारसा झाला नाही. आपल्याकडे फतवा काढणारी एक गादी नाही आणि ते बरंच आहे. पण लगेच कुणीतरी गांधारीच्या मांसाच्या गोळ्याचे एकशे एक तुकडे आणि रक्तबीजाचे थेंब काढून "आमच्याकडे हे आधीच होतं" म्हणतो, तसं एक पत्र आलंच आहे. त्यांना माझी विनंती आहे, ती गोष्ट पुन्हा वाचा. ते शंभर भाऊ एका गोळ्यातले पण एकासारखा एक नव्हता, विकर्ण भर सभेत एकटा उभा राहून बोलला होता. शरीर कुठल्या का रीतीने होईना, जीव आपलं कर्म घेऊन स्वतंत्र येतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मग क्लोनमध्ये आत्मा असेल का असा प्रश्न आपल्याला पडूच कसा शकतो? माझ्या नि बहिणीच्या शरीराचा आराखडा एक होता. आमच्यातल्या कुणाचा आत्मा अर्धा होता?

मला धर्माच्या लोकांकडून हवं असलेलं बोलणं एकदा ऐकायला मिळालंय. १९७८ च्या जुलैमध्ये लुईस ब्राऊन जन्मली, जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी, तेव्हा आज क्लोनबद्दल जे बोलतात तेच तिच्याबद्दल बोलत होते, राक्षस जन्मणार, देवाच्या कामात ढवळाढवळ. व्हेनिसचे कार्डिनल अल्बिनो लुचानी, जे काही आठवड्यांतच पोप जॉन पॉल पहिले झाले, त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी त्या बाळाला शुभेच्छा दिल्या आणि तिच्या आई-वडलांना दोषी ठरवायचा मला हक्क नाही असं म्हणाले. चर्चची या पद्धतीबद्दलची शंका त्यांनी सोडली नव्हती, पण बाळ वेगळं आणि पद्धत वेगळी हे त्यांना दिसत होतं.

आणि आता राजकारण, जिथे नेमका हाच फरक हरवला. २००१ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीने संयुक्त राष्ट्रांत प्रस्ताव आणला की माणसाचं मूल क्लोनिंगने जन्माला घालण्यावर जगभर बंधनकारक करार करूया. यावर जवळपास सगळ्या जगाचं एकमत होतं, असा योग किती वेळा येतो सांगा. पण अमेरिका, कोस्टारिका, व्हॅटिकन वगैरेंनी धरून ठेवलं की संशोधनासाठीचं क्लोनिंगही, ज्यात भ्रूण गर्भाशयात न ठेवता लॅबमध्ये त्यातून स्टेम सेल काढतात, त्याच करारात बंद करा, आणि ब्रिटन, बेल्जियम, चीन वगैरे म्हणाले ते आम्हाला मान्य नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये हा विषय पुढे ढकलायचा ठराव ८० विरुद्ध ७९ असा एका मताने पास झाला. आणि शेवटी ८ मार्च २००५ ला जे निघालं ते नुसतं जाहीरनामा, कुणावरही बंधन नसलेलं, ८४ बाजूने, ३४ विरोधात, ३७ तटस्थ. भारताने विरोधात मत दिलं, चीन आणि ब्रिटननेही. त्यांना क्लोन बाळं हवी होती म्हणून नाही, त्यात संशोधनावरही घाव होता म्हणून. सगळ्यांना मान्य असलेली एक गोष्ट होती आणि तीच लिहून घेता आली नाही. याचा मला आजही राग येतो.

अमेरिकेतही तेच. क्लिंटन यांनी मार्च १९९७ मध्ये सरकारी पैसा बंद केला, २००१ मध्ये त्यांच्या खालच्या सभागृहाने सगळ्याच क्लोनिंगवर बंदीचं बिल २६५ विरुद्ध १६२ ने पास केलं, सिनेटमध्ये ते अडकलं, आणि आजपर्यंत देशपातळीवर बंदीचा कायदा तिथे नाही, काही राज्यांत आहे. ब्रिटनने उलट केलं. नोव्हेंबर २००१ मध्ये कोर्टाने दाखवून दिलं की जुन्या कायद्यात क्लोन भ्रूण बसतच नाही, तर काही आठवड्यांतच संसदेने छोटासा कायदा केला, फलन न होता तयार केलेलं भ्रूण बाईच्या गर्भाशयात ठेवलं तर १० वर्षांपर्यंत तुरुंग. लॅबमधलं संशोधन लायसन्स घेऊन चालू. गुन्हा कुठला, तर ठेवण्याचा. गुन्हेगार कोण, तर ठेवणारा. हे मला फार आवडलं कारण त्या वाक्यात जन्मणाऱ्या मुलाबद्दल एक वाकडा शब्द नाही. आपल्याकडे आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) स्टेम सेल गाइडलाइन्समध्ये मूल जन्माला घालायच्या क्लोनिंगला मनाई आहे, पण गाइडलाइन म्हणजे असा कायदा नव्हे.

आणि संशोधन का चालू राहावं, तर पुन्हा माझी बहीण. २०१३ मध्ये अमेरिकेत ओरेगनच्या शुखरात मितालिपोव यांच्या टीमने माणसाच्या क्लोन भ्रूणातून खऱ्याखुऱ्या स्टेम सेल काढल्या, जे ह्वांग यांनी खोटं सांगितलं होतं ते खरं करून दाखवलं. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या टीमने टाइप वन डायबेटिस असलेल्या एका ३२ वर्षांच्या बाईच्या पेशीपासून तेच केलं आणि त्यातून इन्सुलिन करणाऱ्या पेशी घडवल्या. ती बातमी वाचली त्या दिवशी मी दिवसभर काही केलं नाही. तरीही खरं सांगायचं तर आज मी तो रस्ता पहिला धरा असं म्हणणार नाही. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या कातडीच्या पेशीत चार जनुकं घालून तिला स्टेम सेलसारखं केलं, स्त्रीबीज नको, भ्रूण नको. २०१२ मध्ये त्यांना आणि त्या बेडूकवाल्या गर्डन यांना मिळून नोबेल मिळालं. डॉलीवाल्या विल्मुट यांनी स्वतः २००७ मध्येच क्लोनिंग सोडून हा रस्ता धरला. आणि २०२४ मध्ये चीनमधून बातमी आली, टाइप वनच्या एका २५ वर्षांच्या मुलीला तिच्याच पेशींना केमिकल देऊन मागे, स्टेम सेलसारख्या अवस्थेत नेऊन केलेल्या इन्सुलिन पेशी पोटाच्या स्नायूत टोचल्या आणि ७५ दिवसांनी तिचं इन्सुलिन बंद झालं, वर्षभर बंद राहिलं. लिव्हर बदललेलं असल्यामुळे तिला प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आधीच चालू होती, त्यामुळे सगळ्यांना असंच होईल असं नाही. पण कुणाचं एकही स्त्रीबीज त्यात गेलं नाही. आणि क्लोनिंगने आधी दाखवलं नसतं की वाढ पूर्ण झालेली पेशीसुद्धा मागे जाऊ शकते, तर हे सुचलं असतं का? म्हणून लॅब बंद करू नका. स्त्रीबीज देणारी बाई कोण, तिला काय सांगितलं, तिच्यावर कुणाचा दबाव आहे, तिला नंतर त्रास झाला तर बघणार कोण, हे लिहून घेतल्याशिवाय मात्र लॅब उघडू पण देऊ नका.

कायदा होईल तेव्हा त्यात आणखी एक कलम हवं असं माझं मागणं आहे. बंदी असूनही कुठेतरी कुणीतरी हे करणारच, २००२ मध्ये एका पंथाच्या कंपनीने "ईव्ह" नावाचं क्लोन बाळ झालं म्हणून जाहीर केलं होतंच, पुरावा कधी दिला नाही, पण उद्या खरंच झालं तर? तर त्या मुलाचं जन्माचं सर्टिफिकेट, आई-बाप, वारसा, शाळा, सगळं इतर मुलांसारखं, आणि त्याच्या संमतीशिवाय त्याच्या शरीराची तपासणी नाही, त्याचं नाव-फोटो कुणी छापायचा नाही. युनेस्कोच्या १९९७ च्या जाहीरनाम्यात असं क्लोनिंग मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे असं म्हटलंय. करणं विरुद्ध आहे, कबूल. पण उद्या त्या मुलाने हे वाचलं तर त्याला असं वाटायला नको की मीच विरुद्ध आहे.

शेवटी तुमच्या पेपरकडे एक मागणं. लेखाबरोबर जे चित्र छापलं होतं, रांगेत उभी असलेली एकाच चेहऱ्याची माणसं, डोळे नसलेली, ते पुढच्या वेळी छापू नका. घरात आम्हा दोघींचा एक फोटो आहे, सात-आठ वर्षांच्या असू, एकसारखे फ्रॉक, एकसारख्या वेण्या, आणि आईसुद्धा पटकन सांगू शकत नाही कोण कुठली. मी सांगते. ती डावीकडची, जिने पेन डाव्या हातात धरलंय.

आपली,
एक नियमित वाचक